नाव पुसलं, पण माणूस?



संशोधन आराखडा लिहायला बसलात, की नैतिकतेच्या परिच्छेदात एक वाक्य आपोआप उमटतं : 'सहभागी व्यक्तींची नावे गोपनीय ठेवली जातील.' मार्गदर्शक मान डोलावतात, समिती पुढच्या पानावर जाते आणि विषय संपतो. आज या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. कारण हे वाक्य तंतोतंत पाळूनही, म्हणजे एकही नाव न छापता, तुम्ही एखाद्या माणसाला त्याच्या गावात, ऑफिसात किंवा घरात पुरतं उघडं पाडू शकता. तुमची सामग्री फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबच्या कमेंट किंवा व्हॉट्सॲप ग्रुपमधून येणार असेल तर ही शक्यता आणखीच वाढते.

"माझा विषय समाजमाध्यमांचा नाही, मी गावात जाऊन मुलाखती घेणार आहे" असं म्हणणाऱ्यांनीही पुढे वाचा. तुमच्या मुलाखती समाजमाध्यमांवर नसतील, पण मुलाखत देणारी माणसं तिथे आहेत. गोम तिथेच आहे.

वीस डॉलरची मतदारयादी

या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ऐकावी लागते, तर तुम्हीही ऐका. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याची माहिती संशोधकांना उपलब्ध करून दिली गेली. सुमारे १,३५,००० कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या नोंदी त्यात होत्या. नावं, पत्ते, ओळख क्रमांक सगळं काढून टाकलं होतं. राहिलं होतं ते आजार, उपचार, औषधं. आणि सोबत जन्मतारीख, लिंग व टपालाचा पाच आकडी झिपकोड. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना खात्री दिली होती, की यात कुणाचीही गोपनीयता भंग होत नाही.

लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. वेल्ड केंब्रिज शहरात राहतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वीनी यांनी वीस डॉलर मोजून केंब्रिजची मतदारयादी विकत घेतली. त्या यादीत नाव होतं, पत्ता होता आणि जन्मतारीख, लिंग, झिपकोडही होता. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. वेल्ड यांच्या जन्मतारखेची केंब्रिजमध्ये सहा माणसं. त्यातले पुरुष तीन. त्यांच्या झिपकोडमधला एकच. झालं! गव्हर्नरसाहेबांचा वैद्यकीय इतिहास समोर.

इथे काय चोरलं गेलं? काहीच नाही. पासवर्ड फोडला नाही, सर्व्हरमध्ये कुणी शिरलं नाही. दोन याद्या होत्या, दोन्ही आपापल्या जागी निरुपद्रवी होत्या आणि कुणीतरी त्या जोडल्या. नाव, आधार क्रमांक, मोबाइल नंबर ही थेट ओळख झाली. जन्मतारीख, पिनकोड, लिंग, जात, व्यवसाय, शिक्षण ही आडून पटणारी ओळख. एकेकटी ती कुणाकडेच बोट दाखवत नाही, पण तीन-चार एकत्र आली की बोट थेट एका दारावर जाऊन थांबतं. १९९० च्या जनगणनेच्या आधारे स्वीनी यांनी पुढे हिशेब मांडला, की फक्त जन्मतारीख, लिंग आणि झिपकोड एवढ्यावर अमेरिकेतले ८७ टक्के लोक बहुधा एकमेव ठरतील. नंतरच्या संशोधकांनी हा आकडा बराच खाली आणला, ६३ टक्क्यांपर्यंत. पण तोही काही दिलासा देणारा आकडा नव्हे.

"हे अमेरिकेत. आपल्याकडे लोकसंख्या इतकी, कोण कुणाला शोधणार?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, म्हणून हिशेबच करू या. भारतात पिनकोड सुमारे १९ हजार. १४० कोटींना भागा, एका पिनकोडात सरासरी ७० हजारांच्या वर माणसं. त्यातल्या स्त्रिया धरा ३५ हजार. आता सत्तर वर्षांत जन्मतारखा किती? साधारण साडेपंचवीस हजार. म्हणजे एका पिनकोडात, एका तारखेला जन्मलेल्या स्त्रिया सरासरी दीडसुद्धा भरत नाहीत. कुठे तीन असतील, कुठे एकही नसेल, पण पुष्कळ ठिकाणी एकच असेल.

(आपल्याकडे एक गंमत आहे. एका पिढीतल्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. ही माणसं या हिशेबात एकमेकांच्या आड छान लपतात. गुरुजींनी नकळत गोपनीयतेची सोय करून ठेवली म्हणायची! पण जिची तारीख १ जून नाही, ती तेवढीच जास्त उठून दिसते.)

दुसरी यादी आता आपणच लिहितो

स्वीनी यांना यादी विकत घ्यावी लागली. आज ती गरज नाही. वाढदिवस फेसबुकवर असतो, गावातल्या होतकरू नेत्याचा तर चौकातल्या फ्लेक्सवर फोटोसकट असतो. नोकरी, बदली, बढती लिंक्डइनवर. लग्नाचा वाढदिवस, बाळाचं बारसं, आईचं ऑपरेशन, नवं घर हे सगळं स्टेटसवर. तुम्ही तुमच्या प्रबंधात जी 'निनावी' माहिती छापणार, तिला जोडायला लागणारी यादी त्या माणसाने स्वतः, त्याच्या मेव्हण्याने आणि त्याच्या शाळेच्या ग्रुपने मिळून आधीच तयार करून ठेवली आहे.

नेटफ्लिक्सचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. २००६ मध्ये कंपनीने सुमारे ४,८०,००० ग्राहकांची दहा कोटी चित्रपट-मानांकनं जाहीर केली. चित्रपट सुचवण्याचं गणित कोण सुधारून दाखवतो, अशी दहा लाख डॉलरची स्पर्धा होती. नावं अर्थातच काढलेली. टेक्सास विद्यापीठात अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवलं, की एखाद्याने कोणत्या आठ चित्रपटांना किती गुण दिले हे ठाऊक असेल (त्यातले दोन साफ चुकीचे असले तरी चालतील) आणि तारखा चौदा दिवसांनी मागेपुढे असल्या तरी, ९९ टक्के नोंदी एकमेव ठरतात. मग त्यांनी आयएमडीबी या संकेतस्थळावर लोकांनी आपल्या नावाने दिलेले गुण घेतले आणि त्यांवरून नेटफ्लिक्सच्या काही नोंदी ओळखून दाखवल्या. लोकांनी उघडपणे दहा चित्रपटांबद्दल लिहिलं होतं. त्यावरून न सांगितलेले शेकडो कळले. आणि माणूस काय काय पाहतो यावरून त्याचं राजकारण, धर्म, लैंगिक कल यांचा अंदाज बांधता येतो. स्पर्धेची दुसरी फेरी २०१० मध्ये कंपनीला रद्द करावी लागली. नारायणन तेव्हा पीएच.डी.चे विद्यार्थी होते, हे तुमच्या उमेदीसाठी सांगून ठेवतो.

हल्लेखोर म्हणजे भावकी

हे सगळं वाचून डोळ्यांसमोर अंधाऱ्या खोलीतला हॅकर येतो. मला वाटतं, आपल्या संशोधनासाठी ते चित्र चुकीचं आहे आणि धोकादायकही, कारण 'माझ्या प्रबंधात हॅकरला काय रस' असं म्हणून आपण निश्चिंत होतो. खरा वाचक वेगळाच असतो. एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा तुम्ही महिला सरपंचांच्या समाजमाध्यम-वापरावर काम करताय. प्रबंधात तुम्ही लिहिता : 'सहभागी क्र. ७, महिला सरपंच, वय ३४, शिक्षण बी.ए., अनुसूचित जमाती, तालुका अमुक.' नाव नाही. पुढे तिचं म्हणणं : गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपसरपंच तिची खिल्ली उडवतो, आणि तिच्या फोनवरून ग्रामपंचायतीचे निरोप प्रत्यक्षात नवराच पाठवतो.

आता मोजा. तालुक्यात ग्रामपंचायती धरू ऐंशी. आरक्षणामुळे निम्म्या महिला सरपंच, म्हणजे चाळीस. त्यात अनुसूचित जमातीच्या पाच-सहा. त्यात बी.ए. झालेल्या एक-दोन. वय ३४? ती एकटीच. हे ओळखायला संगणक लागत नाही, तालुक्याच्या बाजारात चहा पिणाऱ्या कुणालाही दोन मिनिटांत कळेल. उपसरपंचाला तर पहिल्याच ओळीत. पुढे काय होईल? अविश्वास ठराव येऊ शकतो, घरात मार बसू शकतो, आणि पुढच्या वेळी गावात कुणी संशोधकाला दारात उभं करणार नाही. तुम्हाला मात्र पदवी मिळालेली असेल.

अनोळखी माणसापासून गोपनीयता राखणं त्यामानाने सोपं. ओळखीच्या माणसापासून राखणं खरं कठीण, कारण जोडायची यादी त्याच्या डोक्यातच असते. आणि समाजमाध्यमांनी नेमकं काय केलं, तर अनोळखी माणसालाही ही ओळखीच्या माणसाची यादी मिळवून दिली.

यावर स्वीनी यांनीच २००२ मध्ये एक कसोटी मांडली, 'के-अनॉनिमिटी'. नाव अवघड, कल्पना साधी : तुमच्या तक्त्यात आडून ओळख देणाऱ्या रकान्यांचं प्रत्येक मिश्रण किमान 'के' माणसांना लागू पडलं पाहिजे. 'के' पाच धरलात, तर कुणीही पाचांच्या घोळक्याच्या आत उभा असला पाहिजे. त्यासाठी माहिती जाडीभरडी दळायची. वय ३४ ऐवजी '३० ते ४०', बी.ए. ऐवजी 'बारावीच्या पुढे', तालुक्याऐवजी 'उत्तर महाराष्ट्रातला आदिवासीबहुल भाग'. काही वेळा रकानाच गाळायचा. जातीचा तुमच्या विश्लेषणाशी संबंध नसेल, तर 'सगळेच देतात' म्हणून तो तक्त्यात ठेवायचं कारण काय?

पण घोळकासुद्धा प्रत्येक वेळी वाचवत नाही. पाचांच्या पाची जणींनी 'घरात मारहाण होते' असं उत्तर दिलं असेल, तर नेमकी कोण हे कळायची गरजच उरत नाही. ती त्या पाचांत आहे एवढं कळलं तरी सगळं कळलं. अश्विन मचनवज्झला आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हीच उणीव दाखवून पुढची कसोटी सुचवली. त्याच वर्षी सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी 'डिफरन्शियल प्रायव्हसी'चा पाया घातला, ज्यात उत्तरांमध्ये मोजूनमापून थोडा गोंगाट मिसळतात. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ती वापरली गेली. संख्याशास्त्रवाल्यांनी ती जरूर शिकावी. तीस मुलाखती घेणाऱ्यांच्या मात्र ती फारशी कामाची नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास अडचण म्हणजे आडनाव. आपलं आडनाव निम्मी बखर सांगतं : पुष्कळदा जात, आणि शेवटी 'कर' असेल तर गावही. त्यामुळे 'फक्त पहिलं नाव बदललं, आडनाव ठेवलं' हा उपाय नव्हेच. टोपणनाव द्यायचं तर नुसतं पहिलं नाव द्या. आणि ते सहभागी व्यक्तीलाच निवडू देणार असाल तर सावध राहा, कारण लोक हौसेने घरात हाक मारायचं नाव सांगतात!

"ते तर सगळ्यांना दिसतंच की"

समाजमाध्यमांवर काम करणाऱ्यांचा हा आवडता बचाव आहे. पोस्ट सार्वजनिक होती, कुणीही वाचू शकत होतं, मग मी घेतली तर बिघडलं काय?

२००८ मध्ये हार्वर्डच्या काही समाजशास्त्रज्ञांनी एका महाविद्यालयाच्या पूर्ण तुकडीची, सोळाशेहून अधिक विद्यार्थ्यांची, फेसबुकवरची माहिती इतर संशोधकांसाठी खुली केली. महाविद्यालयाचं नाव गुप्त होतं. पण सोबतच्या माहितीपुस्तिकेत तुकडीचा आकार होता, विषयांची यादी होती, आणि त्यातले काही विषय त्या नावाने मोजक्याच ठिकाणी शिकवले जातात. थोड्याच दिवसांत ते महाविद्यालय म्हणजे हार्वर्डच, हे बाहेरून ताडलं गेलं. आणि काही राज्यांतून, काही देशांतून तर तुकडीत एकेकच विद्यार्थी होता. मायकेल झिमर यांनी २०१० च्या लेखात आणखी एक मुद्दा काढला. माहिती गोळा करणारे सहायक त्याच विद्यापीठाचे होते. म्हणजे जी माहिती मुलांनी फक्त 'आपल्या कॉलेजातल्यांना दिसावी' असं ठरवलं होतं, तीही त्यांना दिसली आणि ती पुढे गेली. ती सार्वजनिक नव्हतीच. ती त्या सहायकांपुरती सार्वजनिक होती. २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या काही जणांनी ओकेक्यूपिड या डेटिंग संकेतस्थळावरच्या सुमारे ७०,००० लोकांची माहिती वापरकर्ता-नावांसकट जाहीर केली. बचाव तोच : आधीच सार्वजनिक आहे.

हेलन निसेनबॉम यांनी गोपनीयतेची जी मांडणी केली, ती मला इथे सर्वांत उपयोगी वाटते. त्या म्हणतात, माहिती गुप्त आहे की उघड हा प्रश्नच अपुरा आहे. ती ज्या संदर्भात दिली, त्या संदर्भाचे नियम पुढे पाळले गेले का, हे पाहा. आपल्याला हे वेगळं शिकवावं लागू नये. पारावर बसून चार जणांत बोललेली गोष्ट गुप्त नसते, जाणारा-येणारा ती ऐकतोच. पण म्हणून कुणी तिची दवंडी पिटली, तर ते चुकलंच असं अख्खा पार म्हणेल. मुलं न होणाऱ्या बायकांच्या फेसबुक गटात एखादी लिहिते तेव्हा ती त्या गटाशी बोलत असते. गटात चाळीस हजार सदस्य असले तरी ती तुमच्या प्रबंधाच्या परीक्षकांशी बोलत नसते.

कायद्याचं म्हणाल, तर तो इथे तुम्हाला फारसं अडवणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले, टप्प्याटप्प्याने लागू होण्यासाठी. पण त्या कायद्यात दोन वाटा मोकळ्या आहेत. माणसाने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला तो लागूच होत नाही. आणि संशोधनासाठी, ठरवून दिलेली मानकं पाळून आणि त्या माणसाबद्दल कोणताही निर्णय घेण्यासाठी माहिती वापरणार नसाल, तर सूट आहे. म्हणून 'कायद्याने चालतं' हे उत्तर नीतिविषयक समितीपुढे पुरत नाही. कायदा जिथे हात वर करतो तिथूनच समितीचं काम सुरू होतं.

ग्रुपची परवानगी कोण देणार?

केंब्रिज ॲनालिटिकाचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. मतदार फसवले वगैरे भाग जरा बाजूला ठेवा आणि फक्त संमतीकडे पाहा. अलेक्सांडर कोगन या विद्यापीठातल्या संशोधकाने व्यक्तिमत्त्व-चाचणीचं एक ॲप बनवलं. ते सुमारे २,७०,००० लोकांनी घेतलं. त्या काळी फेसबुक ॲपला मित्रांचीही माहिती घेऊ देत असे. फेसबुकच्याच हिशेबाने एकूण बाधित ८ कोटी ७० लाखांपर्यंत. भारतापुरतं बघा : ॲप घेतलेले ३३५ जण, आणि बाधित असू शकतील असे एकूण ५,६२,४५५. म्हणजे ३३५ सोडून बाकी सगळे निव्वळ कुणाचे तरी मित्र होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता तुमचा आराखडा उघडा. 'गावातील व्हॉट्सॲप ग्रुपमधील संवादाचा अभ्यास' असं लिहिलं असेल, तर परवानगी कुणाची घेणार? ॲडमिनची? ग्रुपमधल्या अडीचशे जणांच्या वतीने बोलायचा हक्क ॲडमिनला कुणी दिला? तुम्ही स्वतः त्या ग्रुपचे सदस्य असाल तर पेच आणखी वाढतो : तुम्हाला तिथे पुतण्या म्हणून घेतलं आहे, संशोधक म्हणून नाही. 'एक्सपोर्ट चॅट' दाबलं, की जे नंबर तुमच्याकडे जतन नाहीत ते फाइलमध्ये जसेच्या तसे उतरतात. निदान एवढं करा : ग्रुपवर स्वतःची ओळख आणि हेतू मोकळेपणाने सांगा, नको म्हणणाऱ्यांचे संदेश वगळा, हे मध्येमध्ये पुन्हा सांगा (नवे सदस्य येत राहतात), आणि नंबर पहिल्याच दिवशी कापून टाका.

नंबर कापण्यावरून आठवलं. काही हुशार मंडळी नंबर काढत नाहीत, त्याचा 'हॅश' करून ठेवतात. म्हणजे गणिती क्रियेने नंबराची एक अगम्य अक्षरमाळ बनवतात, जी उलटी फिरवता येत नाही. ऐकायला भक्कम वाटतं. पण भारतीय मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे शक्य नंबर फार तर ४०० कोटी. सगळ्यांचे हॅश काढून जुळवून बघायचे. साध्या लॅपटॉपलाही हे काही महिन्यांचं काम नाही, काही तासांत उरकतं. न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या १७ कोटींहून अधिक फेऱ्यांची माहिती २०१४ मध्ये अशीच हॅश करून दिली होती. एका अभियंत्याने दोन तासांच्या आत सगळे टॅक्सी क्रमांक उलगडले. त्यापेक्षा 'स१, स२' असे तुमच्या मनाचे क्रमांक द्या, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही किल्ली वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. वेगळ्या फाइलमध्ये म्हणजे वेगळ्या जागी, पासवर्डने सांकेतिक केलेल्या. त्याच फोल्डरमध्ये 'खरी नावे' नावाने नव्हे.

अवतरणांचाही असाच सापळा आहे. प्रबंधात कमेंट जशीच्या तशी दिली, की कुणीही ते वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधतो आणि प्रोफाइल समोर येतं. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना भाषांतराचा थोडा आडोसा मिळतो. मराठीत लिहिणाऱ्याला तोही नाही. त्यात कमेंट अहिराणीत, वऱ्हाडीत किंवा मालवणीत असली की प्रांत आयता कळतो. ॲनेट मार्कहम यांनी २०१२ मध्ये सुचवलं, की अनेकांच्या बोलण्यातून एक रचित उदाहरण बनवावं आणि तसं केल्याचं उघड सांगावं. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे परवडणार नाही, त्याला शब्द न् शब्द हवा. त्याने मग त्या माणसाची परवानगी घ्यावी. इतरांनी स्वतःला विचारावं, इथे मला नेमके शब्द हवेत की म्हणण्याचा आशय? बहुतेक वेळा आशय पुरतो.

सुरक्षेबद्दल लांबण लावत नाही, पण तीन-चार गळत्या इतक्या नेहमीच्या आहेत की सांगतोच. व्हॉट्सॲपचे संदेश वाटेत सांकेतिक असतात हे खरं. पण ते वाटेपुरतं. टोकाला तुमचा फोन आहे, आणि तो घरात चार जण वापरत असतील तर सांकेतिकीकरणाचा काय उपयोग? गूगल फॉर्मची उत्तरं ज्या शीटमध्ये उतरतात, तिची 'लिंक असलेल्या कुणालाही दिसेल' ही परवानगी तपासा. फॉर्मला ईमेल लागत नसेल तर तो मागूच नका. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवलात तर कुठे काढला हे ठिकाणही त्यात बसून येऊ शकतं. आणि मुलाखतीचं ध्वनिमुद्रण कुठल्याही फुकट संकेतस्थळावर चढवून लिखित रूप मिळवणं, हे अलीकडे सर्रास चाललंय. त्या संकेतस्थळाच्या अटी वाचल्यात का? तुमच्या संमतीपत्रात 'आपला आवाज तिसऱ्या कंपनीकडे जाईल' असं लिहिलं होतं का? नसेल, तर ऐका आणि टंका. कंटाळवाणं आहे, पण अशाने मुलाखत पाठ होते, तो फायदा वेगळाच.

आता संमतीपत्रातलं ते वाक्य. 'आपली माहिती पूर्णपणे गोपनीय राहील' असं वचन तुम्ही देऊ शकत नाही, तर देऊ नका. असं काहीतरी लिहून पाहा : 'मी तुमचं नाव, गाव आणि फोन नंबर कुठेही छापणार नाही. वय आणि काम मोघम लिहीन. तरीही तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या एखाद्याला तुमचं बोलणं ओळखू येण्याची शक्यता राहते. एखादी गोष्ट छापायला नको असेल, तर अमुक तारखेपर्यंत मला सांगा, मी ती काढून टाकीन.' काही जण हे वाचून नाही म्हणतील. म्हणू द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवा, आणि अंगठा घेण्याआधी त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावा.

शेवटची जागा म्हणजे प्रबंध स्वतः. पूर्वी तो ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडायचा. गोपनीयतेचं ते एक उत्तम साधन होतं. आता तो 'शोधगंगा'वर चढतो आणि जगात कुणालाही, म्हणजे त्या उपसरपंचालाही, फोनवर वाचता येतो. म्हणून जमा करण्याआधी तुमची प्रकरणं नव्हे, तर त्यांच्या पुढचं-मागचं वाचा. प्रकरणांत गाव 'क' असं लिहिलेलं असतं आणि ऋणनिर्देशात 'अमुक गावच्या सरपंच ताईंनी केलेल्या मदतीबद्दल' आभार मानलेले असतात. परिशिष्टात मुलाखतींची यादी तारखांसकट, कधी सह्यांच्या संमतीपत्रांच्या छायाप्रतींसकट जोडलेली असते, क्षेत्रभेटीच्या फोटोत चेहरे आणि मागे शाळेची पाटी. विभागाची पद्धतच तशी असेल, तर मार्गदर्शकांना आजच विचारा, की या गोष्टी परीक्षकांपुरत्या वेगळ्या बांधून देता येतील का. जमा करण्याच्या आदल्या रात्री हे विचारायला वेळ नसतो.